बिनआवाजाचं बोलणं

सुभेदारांच्या आठवणींसाठी बोलावलेल्या सभेला हॉल भरून माणसं आली, तेव्हा सोन्याची जरा पंचाईतच झाली. त्याचा अंदाज होता, घरचे चौघे, शेजारचे दहाबारा आणि बापाच्या पलटणीतला काठी टेकत आलेला एखादा म्हातारा, एवढ्यावर भागेल. त्यानं खुर्च्याही तेवढ्याच सांगितल्या होत्या. आता लोक भिंतीला पाठ लावून उभे होते आणि चहावाला दारातून त्याला खुणा करत होता, की कप पुरायचे नाहीत.

सोन्या पन्नाशीला टेकला होता. नळांचं आणि फरश्यांचं त्याचं दुकान होतं, डोक्यावर टक्कल होतं, पोट सुटलं होतं. पण आई त्याला सोन्या म्हणायची, म्हणून गल्लीही सोन्याच म्हणायची. शेठ म्हणून घ्यायची त्याची हौस गिऱ्हाइकांपुरतीच भागत होती.

एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द होता, कुटुंबवत्सल. शेजारच्या शिंप्यानं सांगितलं, सून बँकेतून यायच्या वेळी पाऊस असला की सुभेदार छत्री घेऊन बसथांब्यावर उभे असायचे. सून आली की छत्री तिच्या हातात द्यायचे आणि स्वतः मागून भिजत यायचे. तळमजल्यावरची मास्तरीण म्हणाली, अशी माणसं आता होत नाहीत. पहिल्या रांगेत बसलेल्या सोन्यानं मान खाली घातली. शेजारी बायको होती. तिनं कोपरानं त्याला हळूच ढोसलं आणि रुमाल तोंडाला लावला. तिला हसू आवरत नव्हतं, हे एकट्या त्यालाच कळलं.

कारण छत्रीची गंमत दोघांनाच ठाऊक होती. सून भिजत आली होती त्या दिवशी जेवताना ती म्हणाली होती, "घरात एवढा रिकामटेकडा बैल बांधलाय, त्याला छत्री घेऊन यायला काय होतं?" म्हणाली म्हणजे नुसते ओठ हलवून म्हणाली, अगदी गोड हसत, सुभेदारांच्या ताटात भाजी वाढता वाढता. सुभेदारांनी मान डोलावून अंगठा वर केला होता. सोन्याला ठसका लागला होता.

सुभेदार तोफखान्यातले. सोन्या शाळेत होता तेव्हा सीमेवर त्यांच्याच तोफेजवळ गोळा फुटला आणि दोन्ही कान कायमचे गेले. बोलता यायचं, पण आपला आवाज केवढा निघतोय हे समजायचं नाही म्हणून ते चारचौघांत बोलायचंच टाळायचे. सोन्याला काही सांगायचं असलं की तो पाटीवर लिहून दाखवायचा. पुढे दुकान आलं, लग्न झालं, पाटी माळ्यावर गेली आणि अंगठा, मान, हातवारे यांवर घर चालू लागलं. आई तेवढी त्यांच्या दंडावर टिचकी मारायची, तोंडासमोर तोंड नेऊन बोलायची आणि त्यांना समजायचं. इतक्या वर्षांचा संसार, समजणारच, असं सोन्या धरून चालला होता.

तो खेळ कधी सुरू झाला हे नवराबायकोला आता सांगता आलं नसतं. आई सैपाकघरात असायची, तिच्या कानावर जाऊ नये म्हणून आवाज काढायचा नाही. म्हाताऱ्याला संशय येऊ नये म्हणून चेहरा हसरा ठेवायचा. आणि आपल्या जोडीदाराला नीट कळावं म्हणून ओठ सावकाश, मोठेमोठे हलवायचे. मग काय वाटेल ते बोलायचं. "मिशीला सूप लागलंय, डुक्कर परवडलं." "खोकतोय बघ, आणखी एक गोळा पडला असता तर सुटलो असतो." ज्याला आधी हसू फुटेल तो हरला. सुभेदार एकदा याच्या तोंडाकडे बघायचे, एकदा तिच्या, आणि स्वतःही हसायचे. त्यांना हसताना बघून तर या दोघांची मुरकुंडीच वळायची.

शिंपी बसला आणि सुभेदारांचा जुना सोबती उठला. दोघे एकाच तोफेवर होते. त्याच स्फोटात याच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. म्हातारा होता, पण आवाज खणखणीत.

"सगळे रडवेले झालाय, म्हणून एक हसायची गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "लष्कराच्या दवाखान्यात आम्ही खाटेला खाट लावून होतो. याचे कान गेलेले. तिथं एक बाई यायची, ओठ बघून बोलणं ओळखायला शिकवायची. बाकीचे बहिरे रडतखडत दोन शब्द शिकले. हा पठ्ठ्या एवढा तयार झाला, की खिडकीतून पलीकडच्या व्हरांड्यातले डॉक्टर काय बोलताहेत ते आम्हाला वाचून दाखवायचा. कुणाला सुट्टी मिळणार, कुणाचा पाय कापणार, आम्हाला आदल्या दिवशीच बातमी! शेवटी डॉक्टर पाठ करून बोलायला लागले." लोक हसले. "आत्ता गेल्या वर्षी भेटला तेव्हाही तसाच. बाकड्यावर बसून रस्त्यापलीकडचं एका जोडप्याचं भांडण शब्दन् शब्द सांगितलं मला. म्हटलं, लेका, कान गेले ते बरंच झालं, डोळ्यांनी जास्त ऐकतोस!"

हॉल हसत होता. सोन्याच्या कोपराला बायकोचं कोपर लागलेलं होतं, ते तिनं काढून घेतलं. बायको तोंडावर रुमाल दाबून समोर टक लावून बसली होती. आता ती हसत नव्हती.

सोन्याला काय काय आठवायला लागलं. 'म्हाताऱ्याच्या खोकल्यानं घास उतरत नाही,' असं बायको म्हणाली, आणि दोनच दिवसांत सुभेदार सगळ्यांच्या आधी, सैपाकघरात पाटावर बसून जेवायला लागले. 'त्याची खोली मिळाली असती तर पोरीला अभ्यासाला झाली असती,' असं तो स्वतः म्हणाला, आणि त्या आठवड्यात बाप आपण होऊन वळकटी उचलून गॅलरीत गेला. मला वारं लागतं, म्हणाला. तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती. काय नशीब आपलं, मागावं आणि मिळावं!

त्याला उठून बाहेर जायचं होतं. पण तेवढ्यात आई उठली.

ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीला धरून ती उभी राहिली.

"हे खरंय," ती म्हणाली. "लग्नात नव्हतं तेवढं लक्ष कान गेल्यावर दिलं त्यांनी माझ्या तोंडाकडे." पुन्हा हशा. "सोन्या लहान होता तेव्हा मात्र मुद्दाम कळत नाही असं दाखवायचे. म्हणायचे, पोरगा पाटीवर लिहितोय तर लिहू दे, अक्षर सुधारेल. त्याचं अक्षर त्यांच्यामुळे सुधारलंय. आणि मोठा झाल्यावर त्याला आपोआप कळलं. मी सांगितलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, तरी कळलं. माझा मुलगा आणि सून जेवताना त्यांच्याशी कसे बोलायचे ते तुम्ही बघायला हवं होतं. आवाज नाही, काही नाही, नुसते ओठ. सावकाश, मोठे शब्द करून, त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून. आणि चेहरा सदा हसरा. मी सैपाकघराच्या दारातून बघत राहायची. लोकांची मुलं कान असलेल्या बापाशी धड बोलत नाहीत हो!"

कुणीतरी मागून म्हणालं, "धन्य आहे." मास्तरणीनं डोळे पुसले.

"मला आतून शब्द कळायचे नाहीत," आई पुढे म्हणाली. "मग झोपायच्या आधी मी विचारायची, आज काय म्हणाला सोन्या? ते सगळं सांगायचे. आज म्हणाला, बाबा, तुमच्यामुळे घराला घरपण आहे. सून म्हणाली, माझ्या वडिलांनी केलं नसतं एवढं तुम्ही करता. एकदा म्हणाले, सोन्या म्हणतोय, पुढच्या जन्मीही हेच बाबा हवेत. ते सांगताना ह्यांचा आवाज भरून आला होता. म्हटलं, अहो, हळू, शेजारी उठतील." ती सोन्याकडे वळली. "म्हणाला होतास ना रे?"

सगळा हॉल सोन्याकडे बघत होता.

"हो," सोन्या म्हणाला.

"मोठ्यानं सांग की. इथं कुणी बहिरं नाही आता."

"हो, म्हणालो होतो," तो मोठ्यानं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशा सभेत वाजवायच्या नसतात, पण वाजवल्या. जुना सोबती मात्र उरलेली बोटं मांडीवर ठेवून सोन्याचं तोंड निरखत बसला होता.

घरी आल्यावर आईनं कपडेही बदलले नाहीत. जेवणाच्या टेबलाशी बसून राहिली. बायको चहाचं निमित्त करून आत गेली.

"सोन्या, एक विचारू? तिथं लोकांसमोर विचारलं नाही. ह्यांची लाज राखली मी."

"काय गं?"

"दवाखान्यातला तो दिवस. डॉक्टर म्हणाले होते, छातीतलं पाणी काढतो, छोटं ऑपरेशन आहे, पुढे काही महिने नीट सांभाळा, निघतील यातून. मी डबा घेऊन आले तर तू त्यांच्याशी बोलत होतास. कपाळावरून हात फिरवत, हसत. मी दारातच थांबले. म्हटलं, बापलेकांच्या मध्ये कशाला जा."

सोन्याला शब्दन् शब्द आठवत होता. डॉक्टरांचे ते 'काही महिने' ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं. घरी माणूस ठेवा, बेडपॅन आणा, गॅलरी बंद करून घ्या. मग खाटेवर वाकून, कपाळ कुरवाळत, हसऱ्या तोंडानं तो बिनआवाजाचं बोलला होता, "पुरे झालं आता. मरा एकदाचे. जगू द्या आम्हाला." त्या वेळी बघायला बायकोही नव्हती. हा खेळ तो एकटाच खेळला होता. बापानं त्याच्या ओठांकडे बघितलं होतं, नेहमीसारखी मान डोलावली होती आणि सुई टोचलेला हात जमेल तेवढा उचलून अंगठा वर केला होता.

"तू गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होता?" आई म्हणाली. "तर म्हणाले, लवकर बरे व्हा म्हणतोय, तुमच्याशिवाय घर खायला उठतं म्हणतोय. आणि त्याच संध्याकाळपासून चमच्याला तोंड फिरवलं. ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरांपुढे हात जोडले. नळी ओढून काढली. मी पाया पडले रे त्यांच्या. बघायचेच नाहीत माझ्या तोंडाकडे. डोळे मिटून घ्यायचे. बोलूच द्यायचं नाही मला! डोळे मिटले की संपलं, मी कितीही ओरडले तरी काय?"

तिचा आवाज चिरकला, पण ती रडत नव्हती. ती रागावलेली होती.

"मुलगा एवढा विनवतोय, आणि ह्या माणसाला मरण प्यारं झालं. युद्धात माघार घेतली नाही, आणि घरात पाठ दाखवली. तू सांगितलं होतंस ना, बरे व्हा म्हणून? तेच म्हणाला होतास ना?"

सैपाकघराच्या दारात बायको उभी होती. हातात चहाचा ट्रे तसाच होता. सोन्यानं तोंड उघडलं. एका वाक्यात बापावरचा आळ गेला असता. आईला तिचा नवरा परत मिळाला असता. मुलगा मात्र गेला असता.

"हो, आई," तो म्हणाला. "खूप विनवलं मी. त्यांनी ऐकलं नाही."

"वाटलंच मला." तिनं पदरानं टेबल पुसलं. पुसायला तिथं काही नव्हतं. "गॅलरी रिकामी कर उद्या. ती वळकटी, तो कोट, ती पदकं, काही नको मला. सोडून गेलेल्या माणसाचं काय जपायचं?"

आई झोपल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

"सांग की. बैल कोण म्हणालं होतं तेही सांग."

तो विषय दोघांमध्ये पुन्हा कधी निघाला नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. पदकं पितळेची आहेत की कशाची हे बघायला त्यानं एक दाताखाली धरून पाहिलं. सोन्या तिथंच उभा होता.

आई पुढे बरीच वर्षं जगली. तब्येत ठणठणीत होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती एकच सांगायची, नवऱ्यानं दगा दिला पण लेक सोन्यासारखा निघाला. पाहुणे सोन्याकडे कौतुकानं बघायचे आणि तो पुढे चहा ठेवायचा. जुना सोबती एकदाच येऊन गेला. त्यानं आईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तो पाठ दाखवणारा नव्हता, वहिनी," एवढंच म्हणाला. आईनं त्याला उंबऱ्याबाहेर काढलं.

तिच्या अखेरच्या दुखण्यात सोन्यानं हयगय केली नाही. माणूस ठेवला, रात्री जागवल्या. ती तोंड उघडून काही बोलली की तो वाकून ऐकायचा.

"मी गेल्यावर," ती एक दिवस म्हणाली, "माझा फोटो त्यांच्या शेजारी लावू नकोस. वचन दे."

सोन्यानं वचन दिलं, आणि पाळलं. दिवाणखान्यात आईचा फोटो एकटाच आहे.