पाच जण जमेनात

मी भोंगा बोलतोय. हातात धरून, खटका दाबून ओरडायचा भोंगा. आजवर माझ्या तोंडून जे निघालं ते सगळं दुसऱ्यांचं. आज माझं ऐका.

समार बेटाच्या काठावरच्या बुलाओनान गावच्या युवा परिषदेने मला विकत घेतलं. इथे फिलिपिन्समध्ये गावोगावी अशी परिषद असते. पंधरा ते तीस वयाची पोरं मतं देतात, एक अध्यक्ष आणि सात सदस्य निवडतात. गावच्या निधीतला ठरावीक वाटा त्यांच्या हाती येतो. कागदावर वाचलंत तर ऊर भरून येईल. मी मात्र कागदावर नव्हतो, सभेच्या टेबलावर होतो.

पहिली काही वर्षं मी फक्त बास्केटबॉल पाहिला. "नऊ नंबर, फाउल." उरलेल्या वेळी गावचे कप्तान, म्हणजे सरपंच, तेओफिलो मला घेऊन जायचे. कुणाची डुकरीण हरवली, कुणाच्या कोंबड्याने कुणाला टोचलं, सगळं माझ्याच तोंडून. एका लग्नात तर गाणीही गायली माझ्यातून. माझा घसा बसला तो तेव्हाच.

मग जेसाबेल आब्रांतेस अध्यक्ष झाली. एकवीस वर्षांची, सुकी मासळी विकणाऱ्या बाईची मुलगी. अकरा मतांनी निवडून आली होती. तिने वचन एकच दिलं होतं: पुंताच्या मुलांसाठी होडी. पुंता म्हणजे खाडीपलीकडची वस्ती. ओहोटी असली की तिथली मुलं दप्तर डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून शाळेत यायची. भरती असली की त्या दिवशीची शाळा बुडाली.

होडीला ठराव हवा, ठरावाला सभा हवी आणि सभेला आठांतले पाच तरी हवेत. या पाचांनी माझा जीव खाल्ला. पहिल्या सभेला चार आले. दुसऱ्या सभेलाही चारच. एक शहरात कॉलेजला, एक केस कापायला, एक रेक्सनबरोबर मैदानावर. रेक्सन हाही सदस्य, आणि कप्तानांचा पुतण्या. कप्तानाच्या मुलाने या निवडणुकीला उभं राहायचं नाही असा कायदा आहे. पुतण्याबद्दल कायदा गप्प आहे.

तिसऱ्या सभेआधी जेसाबेल मला घेऊन दारोदार फिरली. एका सदस्याने खिडकीतूनच विचारलं, "खायला काय आहे?"

"शेवया."

"कोंबडी घातलेल्या?"

"नुसत्या."

खिडकी बंद झाली.

कप्तानांनी तिला समजावलं. "अगं बाळा, पोरांना खेळू दे. एक स्पर्धा घे, फलकावर माझा फोटो लाव, बघ कशी गर्दी होते. होड्याबिड्या ही मोठ्यांची कामं."

"मोठ्यांनी केली असती कॅप, तर मी कशाला डोकं फोडत बसले असते?"

होडीचा खर्च धरून वर्षाचा आराखडा गावातल्या सगळ्या तरुणांच्या मेळाव्यापुढे ठेवावा लागतो. मेळावा ठरला रविवारी दुपारी तीनला. रेक्सनने सामना लावला तोही तीनलाच. सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि माणसं सहा. त्यातलं एक घोरत होतं. जेसाबेलने घड्याळ पाहिलं, मला उचललं आणि तडक मैदान गाठलं. मध्यंतर चालू होतं.

तिने शाळेतल्या बाईंकडून हजेरीपत्रकं आणली होती. ती वाचायला लागली. "रोवेना, सातवी. एकतीस दिवस गैरहजर. कारण, भरती. होसुए, आठवी. चोवीस दिवस. कारण, भरती."

"ए, स्कोअर सांग," कुणीतरी ओरडलं. लोक हसले. माझी बॅटरी संपत आलेली, आवाज घोगरा. लाज वाटली मला, पण जेसाबेल थांबेना.

जुनं एक पान उलटताना ती अडखळली. मग हळू वाचलं, "आरिस्तोन, नववी. नाव कमी केलं."

आरिस्तोन रेक्सनच्या संघातला सगळ्यात उंच गडी, पुंताचा, आणि परिषदेचा सदस्यही. तो समोर आला. "ते वाचायची काय गरज होती?"

"नव्हती. चुकलं माझं," जेसाबेल म्हणाली. मला तिने खाली धरलं होतं, तरी खटका दाबलेलाच होता. "पण मला पाचवा माणूस मिळत नाहीये, आरिस्तोन."

हातातला चेंडू रेक्सनकडे टाकत तो म्हणाला, "इथेच घे सभा. तिकडे कोण चालत जाणार?"

बास्केटच्या खाली, घामाच्या वासात मेळावा झाला. हात वर झाले. होडीच्या ठरावावर पाच जणांच्या सह्या झाल्या. रेक्सनने सही केली नाही, पण पेन त्यानेच दिलं.

होडी यायला पुढे अकरा महिने लागले. आली तेव्हा तिच्यावर मोठ्या अक्षरांत कप्तानांचं नाव होतं. तिच्या जागी मी असतो तर फुटलो असतो. जेसाबेल म्हणाली, "राहू दे. ते नाव वाचता येण्यापुरती तरी मुलं शाळेत जातील."

आता होडी आरिस्तोन चालवतो आणि मी त्याच्या डोक्यावर बांबूला टांगलेला असतो. खाऱ्या वाऱ्याने माझा खटका गंजलाय. गेल्या महिन्यात परिषदेची सभा होती म्हणे. चार जण आले.

पोरांनो, मत द्यायला उन्हात दोन तास रांगेत उभे राहिलात ना? मग सभेला येऊन तासभर बसा. मी काही आता दारोदार ओरडत येणार नाही. मला सकाळी सहाला पुंताची मुलं बोलवायची असतात.