पाव किलो खसखस

मृणालिनीला राष्ट्राध्यक्षांनी माफ केलं होतं, संगणकाने नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर ती पुण्याहून दुबईला परतत होती, तेव्हा सासूबाईंनी तिच्या बॅगेत अनारशांसाठी पाव किलो खसखस कोंबली. वाण्याकडे मिळणारी ही खसखस अमिरातीत अमली पदार्थांत मोडते, हे त्या माउलीला ठाऊक नव्हतं आणि आठ वर्षं दुबईत काढलेल्या सुनेलाही नव्हतं. विमानतळावर पकडली गेली, शिक्षा झाली. राष्ट्रीय दिनाच्या माफीच्या यादीत नाव आलं म्हणून सात आठवड्यांनी सुटली. तोवर तिच्या नवऱ्याने, निनादने, सगळीकडे सांगून ठेवलं होतं की ती सासूबाईंच्या आजारपणासाठी पुण्यात आहे. धडधाकट बाई फुकट आजारी पडली!

माफी मिळाली तरी पोलिसांच्या संगणकात गुन्ह्याची नोंद राहिलीच. आता दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या एका शाळेने तिला गणित शिकवायला बोलावलं होतं, पण गुरुवारच्या आत पोलिसांचा कोरा दाखला हवा होता. त्यासाठी नोंद पुसायचा अर्ज करायला दोघं अल कुसैसच्या टायपिंग सेंटरमध्ये जहूरभाईंसमोर बसली होती. जहूरभाई मूळचे रत्नागिरीचे, वीस वर्षं लोकांचे अर्ज अरबीत टाइप करत आलेले.

"काय लिहिलंत ते मराठीत सांगा," मृणालिनी म्हणाली.

"'मी अमली पदार्थांचा गुन्हा केला. मला पश्चात्ताप होतो. आता मी सुधारले आहे.' फॉरमॅट आहे ताई, सगळे हाच देतात."

"सुधारले? म्हणजे आधी कोण होते मी?"

"मृणाल, यल्ला, चल, साइन कर, खलास," निनाद कुजबुजला. "वाचतंय कोण?"

"मी वाचतेय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "जहूरभाई, लिहा. अनारशांना लावायला खसखस आणली. कायदा माहीत नव्हता, ती माझी चूक. नशा केली नाही, विकली नाही. माफी दिलीत, आभारी आहे. पण जे केलं नाही, ते केलं म्हणून मी सही करणार नाही."

"फॉरमॅट बदलला की फाइल अडकते, ताई. आणि अनारशाला अरबीत काय म्हणू?"

"तुम्ही खाल्लाय ना?"

"शेजारच्या काकू दर दिवाळीला ताट पाठवायच्या." जहूरभाई हसले आणि पुन्हा कीबोर्डकडे वळले. "तांदूळ-गुळाची सणाची मिठाई, असं लिहितो."

पोलिस कचेरीत खिडकीवरच्या अधिकारी बाईने तो अर्ज दोनदा वाचला. नेहमीच्या नमुन्यात दिलात तर बुधवारी दाखला मिळेल, ती म्हणाली. हा वरिष्ठांकडे जाईल, किती दिवस लागतील सांगता येणार नाही. निनाद बायकोकडे बघत राहिला. ती शाळा तिला हवी होती, फार हवी होती.

"हाच राहू दे," ती म्हणाली.

गुरुवार उलटला आणि नोकरी दुसरीला मिळाली. निनाद चार दिवस धुसफुसत राहिला. सहा आठवड्यांनी दाखला आला, एकही नोंद नसलेला. तेव्हा मात्र तो खूश झाला. "सुटलो! आता कुणाला काही कळायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या वर्षीच्या दिवाळीत मराठी मंडळाच्या फराळाला मृणालिनीने अनारसे नेले. वरून बोडके. शेजारच्या आभाने एक उचलला आणि उलटून पाहिला.

"हे काय, खसखस विसरलीस? आणि सासूबाई कशा आहेत गं? मागे केवढं आजारपण काढलंस तू त्यांचं."

निनादने मृणालिनीकडे पाहून हलकेच मान हलवली. नको म्हणून.

"त्यांना काही झालंच नव्हतं, आभा," मृणालिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "खसखशीपायी मी तुरुंगात होते. सात आठवडे."

निनादने मान खाली घातली, तिने नाही घातली. तिने ताट पुढच्या बाईसमोर धरलं.

"घ्या ना. खुसखुशीत झालेत."