काहिलीखालचे आवाज

मी एक जुनी काहील आहे. बिडाची, सहा जणांनाही हलणार नाही अशी. टोबॅगो बेटावर समुद्रालगत, जुन्या ऊसमळ्याच्या जागी, एक छोटंसं उघड्यावरचं संग्रहालय आहे. तिथे गंजलेल्या चरकाशेजारी मी पालथी पडून असते.

मित्रांनो, माझा जन्म विलायतेतल्या भट्टीत झाला. जहाजातून या ऊसमळ्यावर आले आणि वर्षानुवर्षं रस आटवला. साखरेची वाहवा गोऱ्या मालकाच्या वाट्याला आली, चटके मात्र गुलामांच्या. पुढे मला तडा गेला, तेव्हा मला झोपड्यांमागे टाकून दिलं. तिथे बायकांनी मला पालथं घातलं. काठाखाली दगड सारून, त्या फटीशी तोंड नेऊन त्या सुटकेची प्रार्थना करत. आवाज काहिलीतच राहतो, मालकाच्या कानी जात नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. आणि तो खरोखरच राहिला. दिवस कलला की माझ्या पोटात कुजबुज सुरू होते. मला फार भीती वाटते.

परवा दिवस कलताना नवे व्यवस्थापक कथबर्टसाहेब माणसं आणि पहारी घेऊन आले. मला उताणी करून त्यांना माझ्यात फुलझाडं लावायची होती. इथे तिकिटं फाडणारी म्हातारी युलाली आडवी आली. सगळे तिला टँटी, म्हणजे मावशी म्हणतात. तिची पणजी याच मळ्यावर राबलेली.

"टँटी, बाजूला हो बघू. भुतं सांभाळायचा पगार मिळतो का तुला?"

"आत माणसं आहेत रे मेल्या! निदान त्यांना सांग तरी आधी."

कथबर्टना हसू आवरेना. त्यांनी माझ्यावर पहार ठणठणवली आणि ते ओरडले, "चला, उठा! कामाला लागा!"

मळ्यावरचा मुकादम पहाटे अगदी असाच ओरडायचा. माझ्या पोटातली कुजबुज एकदम थांबली.

युलालीनं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलंस हे! अरे, सुटका झाल्याचं आत कुणी सांगितलेलंच नाही. गुलामी संपली तेव्हा सगळे बाहेर नाचत सुटले, हिच्याकडे कोण येतंय!"

ती गुडघे टेकून फटीशी वाकली. "बायांनो, सुटका झाली गं. कधीचीच झाली. या बाहेर."

मग आतून एका बाईचा दबका आवाज आला. तो कथबर्टनीही ऐकला.

"हळू बोल गं. मालक ऐकेल."

पहारी तिथेच पडल्या. त्यानंतर मला कुणी हात लावलेला नाही. मित्रांनो, इथे आलात तर माझ्यावर खडे मारू नका, नावं कोरू नका. जरा खाली वाका आणि त्यांना पुन्हा एकदा सांगा. अजून त्यांचा विश्वास बसलेला नाही.