बजरंगने सांगितलेला शेवट

ही २०२३ सालची गोष्ट. जिल्ह्याचं नाव तेव्हा अजून अहमदनगर होतं आणि मला एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. कोपरगावच्या पुढे एका साखर कारखान्याच्या वसाहतीत मी राहत होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या शाळेत मी तीस वर्षं मराठी शिकवलं, आणि १९८६ पासून कामगारांचं वाचनालयही मीच चालवत होते. भांडाराशेजारची एक खोली, सहा कपाटं, एक लांब बाक.

सुरुवातीची दहा-बारा वर्षं त्या खोलीला काय दिवस होते. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी शनिवारी दुपारी मी पुस्तक मोठ्याने वाचायची. पन्नास-साठ माणसं दाराबाहेरपर्यंत बसायची. पुढच्या ओळीत ऊस वाहणाऱ्या गाडीवानाचा एक मुलगा असे, सातवी नापास झालेला, बजरंग नावाचा. एकदा दवाखान्यातला कंपाउंडर मागच्या शनिवारची गोष्ट इतरांना सांगत होता आणि शेवट चुकीचा सांगत होता. बजरंग तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा असेल. त्याने दोन वेळा खोकून पाहिलं, तिसऱ्या वेळी उठला आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कंपाउंडर त्याच्या नात्यातला होता, आणि आपल्या ओळखीने बजरंगला कारखान्यात चिकटवणार होता. ते त्या दिवशी बारगळलं. बजरंगला चार वर्षं थांबावं लागलं. मी नंतर त्याला म्हटलं, "गप्प बसला असतास तर काय झालं असतं?" तो म्हणाला, "बाई, खोटं सांगत हुता त्यो. गोष्टीतल्या बाईनं इष घेतलंच न्हाई."

पुढे तो उसाच्या यार्डात लागला. नंबराप्रमाणे ट्रॉल्या आणि बैलगाड्या पुढे सोडायच्या, मागे घेताना इशारा द्यायचा, हे त्याचं काम. २०२३ साली तो सत्तावन्न वर्षांचा होता, निवृत्तीला तीन वर्षं होती. बायको केशरबाई आणि तो कारखान्याच्या चाळीत राहत. दुसरं घर त्यांना नव्हतं.

त्या वर्षी कारखान्याची मालकी बदलली आणि पुण्याहून सुश्रुत आला. हुद्दा एचआर मॅनेजर, वय बत्तीस. मला काकू म्हणायचा.

"काकू, पुस्तकं आता कोण वाचतंय? ही खोली मला गेस्टरूमला पाहिजे," तो म्हणाला.

"आणि वाचनालय?"

"फोनमध्ये. चारशे कामगारांसाठी ऑडिओबुकं घेतलीयत कंपनीनं. तुम्ही ऐका आणि लोकांना सुचवा. हंगाम संपेपर्यंत ऐकण्याचे तास चांगले भरले तर खोली राहील."

मी कामाला लागले. दर सोमवारी गेटवरच्या फळ्यावर माझ्या अक्षरात लिहायची आणि तेच व्हॉट्सॲपवर टाकायची. 'सोमवार माझा' हे पुस्तक नोकरीतला उत्साह वाढवणारं होतं. त्याच्याखाली मी आठ ओळी लिहिल्या होत्या: निवेदकाचा आवाज स्वच्छ आहे, उदाहरणं आपल्या रोजच्या कामातली आहेत, तिसरं प्रकरण पर्यवेक्षकांनी जरूर ऐकावं. रहस्यकथांचंही लिहायची. 'विहिरीवरचं कुलूप' ही साडेसहा तासांची कथा: बंद वाडीतली विहीर, तिच्या झाकणाला कुलूप, किल्ली तिघांकडे आणि आत एक माणूस. "पहिला अर्धा तास संथ आहे, धीर धरा," असं मी लिहिलं होतं. चांगलं लिहिलं होतं.

पण फळ्याकडे कुणी बघेना. लोक यार्डात जाऊन बजरंगला विचारायचे. त्याला ऐकण्याचं वेडच लागलं होतं. एका कानात वायर, दुसरा कान उघडा. गाड्यांची रांग थांबली की गाडीवान त्याच्याभोवती जमत.

एकदा मी यार्डाच्या भिंतीशी उभी होते. एका ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "बजरंगआबा, बाईंनी ते सोमवारचं लिवलंय, कसं हाय?"

"त्ये नको ऐकू," बजरंग म्हणाला. "एक मानूस पाच तास सांगतो की पहाटं लवकर उठा. तू तीनलाच उठतोस. त्योच तुज्याकडून शिकंल."

सगळे हसले. "मग बाईंनी आठ ओळी कशापायी लिवल्या?"

"बाई शाळेतल्या. त्यास्नी समद्यांला पास करायची सवय हाय."

तो हे प्रेमाने म्हणाला होता, मला कळलं. मी तिथून निघून आले. सुश्रुतच्या कानावरही ते गेलं. 'सोमवार माझा' त्याने स्वतः मालकांना सुचवलेलं पुस्तक होतं.

डिसेंबरच्या अकरा तारखेला यार्डात रविराज नावाच्या ट्रॅक्टरवाल्याची ट्रॉली मागे घेताना, ती ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकची पिन तुटली. भरलेली ट्रॉली उतारावरून मागे सुटली आणि एका बैलगाडीवर आदळली. बैलाचे मागचे दोन्ही पाय मोडले. पिन झिजली आहे असं बजरंगने यार्डाच्या वहीत दोनदा लिहिलेलं होतं, त्याच्या वाकड्या अक्षरात. पण रविराज हा एका संचालकाचा जावई. गाडीवानांनी वाहतूक बंद केली, बैल तिथेच पडून होता, ओरडत होता, आणि संध्याकाळच्या आत कुणाचं तरी नाव सांगणं भाग होतं.

सुश्रुतने फोनवर एक तक्ता उघडला. कोण, कधी, किती मिनिटं ऐकतो, ते त्यात दिसतं. हा तक्ता मी दर शनिवारी पाहायची आणि तास मोजून खूश व्हायची. अपघाताच्या वेळी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, बजरंगच्या फोनवर 'विहिरीवरचं कुलूप' चालू होतं. तोवर ते पुस्तक त्याच्या फोनवर एकदाच वाजलं होतं, आणि तेही सगळं ड्युटीच्या वेळात.

त्याला निलंबित केलं. चौकशी जानेवारीत ठेवली.

केशरबाई माझ्याकडे आली. तिच्यामागे बजरंग, टोपी हातात घेतलेला. "बाई, नोकरी गेली की खोली जाईल," ती म्हणाली. "ह्या वयात कुठं जायाचं आमी?"

मी त्यांना चहा दिला आणि बजरंगला सांगितलं, "फोन खिशात चालू राहिला होता एवढंच म्हणायचं. वायर जेवणाच्या डब्यात होती. गोष्ट तुला माहीत नाही. तक्त्यावरून फोन वाजला हे कळतं, तू ऐकलंस हे कळत नाही."

"पर बाई, मी ऐकत हुतो," तो म्हणाला. "एका कानानं. ट्रॉली मागं घेताना मी थांब थांब म्हनून वरडलो. पिन तुटल्यावर कोन काय करनार?"

"ते त्यांना ऐकायचं नाहीये. तू गोष्ट ऐकलीच नाहीस."

"बरं," तो म्हणाला. "न्हाई ऐकली." केशरबाईने त्याच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं.

दोन दिवसांनी सुश्रुत आला. खोलीतल्या बाकावर बसला, कपाटांकडे बघत राहिला.

"वकील म्हणतात केस कच्ची आहे," तो म्हणाला. "फोन वाजत होता हे दाखवू. माणूस ऐकत होता हे कसं दाखवणार? तो नाही म्हणाला की संपलं."

मला गप्प राहता आलं असतं. तेवढंच करायचं होतं. पण मी त्याला कंपाउंडरची गोष्ट सांगितली.

तो पुढे सरकून बसला. "म्हणजे त्याच्यासमोर गोष्ट चुकीची सांगितली तर?"

"तर त्याला राहवणार नाही."

"काकू, मग ती चूक तुम्हीच लिहून द्या. मी ते पुस्तक ऐकलेलं नाही."

"तू एकही ऐकलेलं नाहीस," मी म्हटलं.

तो हसला. "खोली तुमचीच राहील. शब्द देतो."

मी अर्धं पान लिहून दिलं. सावकाश लिहिलं. पहिली चूक बारीक, दुसरी जरा ठसठशीत, तिसरीत खुनी माणूसच बदलला. खोलीसाठी लिहिलं असं पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होते. खोली होतीच. पण लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर यार्डाची भिंत होती आणि हसणारे ते गाडीवान.

चौकशी मीटिंग हॉलमध्ये झाली. नगरहून वकील आले होते. सुश्रुत, एक टंकलेखक, आणि साक्षीदार म्हणून मी, कारण पुस्तक मी सुचवलं होतं. बजरंग धुतलेला सदरा घालून आला. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर धीर आला.

"फोन खिशात चालू ऱ्हायला हुता, सायेब," तो म्हणाला. "वायर डब्यात हुती. गोष्ट मला ठावं न्हाई."

"ठीक आहे," वकील म्हणाले. "नोंदीसाठी गोष्ट थोडक्यात वाचून दाखवतो. तुम्ही नुसतं ऐका." आणि त्यांनी माझं अर्धं पान वाचायला घेतलं. विहिरीच्या किल्ल्या दोघांकडे होत्या, असं त्यांनी वाचलं. बजरंग खोकला. पाटलीण त्या दिवशी माहेरी होती, असं वाचलं. तो पुन्हा खोकला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी खिडकीकडे बघत होते.

"आणि शेवटी उघड होतं," वकिलांनी वाचलं, "की खून धाकट्या दिरानं केला."

"न्हाई," बजरंग म्हणाला.

"काय नाही?"

"दिरानं न्हाई केला. त्यो तर तिला वाचवायला गेल्ता."

"तुम्हाला गोष्ट माहीत नाही ना?"

तो थांबला. मला वाटलं, आता गप्प बसेल. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तेच हवं होतं. पण वकिलांनी कागद खाली ठेवला आणि मवाळ आवाजात म्हणाले, "मग कुणी केला? आम्हाला इथं कुणालाच माहीत नाही."

बजरंगने सांगायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं तो बोलत होता. विहिरीचं झाकण कसं करकरतं ते त्याने तोंडाने काढून दाखवलं. तिसरी किल्ली पाटलिणीच्या केसांच्या गंगावनात होती, तिथपर्यंत आला तेव्हा चहा घेऊन आलेला शिपाई ट्रे हातात धरून तसाच उभा राहिला. टंकलेखकाचे हात थांबले, सुश्रुतने त्याला कोपराने ढोसलं. मी ते पुस्तक दोनदा ऐकलं होतं, तरी अंगावर काटा आला. निवेदकाला तितकं साधलेलं नव्हतं.

मधेच एके ठिकाणी तो म्हणाला, "हितं ती किल्ली पान्यात टाकनार असती, आन् हितंच रविराजची ट्रॉली मागं यायला लागली, म्हनून मी आवाज बंद करून थांब थांब वरडलो. ऱ्हायलेलं रातीला घरी ऐकलं." वकिलांनी टंकलेखकाला खूण केली. कागदावर फक्त 'ट्रॉली मागे येत असताना मी हे ऐकत होतो' एवढंच उतरलं.

गोष्ट संपली. मग सुश्रुत म्हणाला, "छान सांगता हो तुम्ही. इथं सही करा."

बजरंगला तेव्हा कळलं. त्याने पेन हातात घेतलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि जे विचारलं ते मी कधी विसरणार नाही. त्याने स्वतःबद्दल काही विचारलं नाही.

"बाई, बरोबर सांगितली ना गोष्ट?"

"बरोबर," मी म्हटलं. "एक शब्द चुकला नाही."

वकिलांनी तेही लिहून घेतलं. माझी साक्ष तेवढीच. बजरंगने सही केली.

फेब्रुवारीत त्याला कामावरून काढलं आणि पंधरा दिवसांत खोली खाली करायला लावली. तो आणि केशरबाई काष्टीला तिच्या भावाकडे गेले. शनिवारच्या बाजारात तो व्यापाऱ्यांच्या जनावरांना पाणी पाजतो. फोन साधा घेतला आहे, त्यावर फक्त बोलता येतं. केशरबाईने मागच्या दिवाळीत कुणाच्या तरी हाती फराळाचा डबा पाठवला. बाई एकट्याच खरं बोलल्या असं बजरंग सांगतो म्हणे. डबा मी परत पाठवला नाही, करंज्या खाल्ल्या.

बैल गाडीवानाने अपघाताच्या आठवड्यातच मिळेल त्या किमतीला देऊन टाकला. रविराजचे पुढच्या हंगामात आणखी दोन ट्रॅक्टर लागले. यार्डाची ती वही कुणाला सापडली नाही. सुश्रुत वर्षभरात पुण्याच्या मुख्य कार्यालयात मोठ्या जागेवर गेला. तिथून त्याने मला 'काकू, थँक यू' असा एक निरोप पाठवला. वाचनालयाच्या खोलीची गेस्टरूम मे महिन्यातच झाली, पुस्तकं पोत्यांत भरून गोदामात टाकली आणि पावसात ती भिजली.

मी केडगावला भाचीकडे असते. सोसायटीतल्या बायकांना दर सोमवारी काय ऐकावं ते लिहून पाठवते, रहस्यकथा असो की नोकरदार सुनांसाठी उत्साहाचं काही. चौदा जणी आहेत. मी सुचवते ते ऐकतात आणि 'छान होतं' म्हणतात. त्यांच्यात गोष्ट परत सांगणारं कुणी नाही.