सॉफ्टबॉलच्या मैदानावरचा बर्फ

लॉर्ना हेइकिनेनने झाडूचा दांडा बर्फाच्या ढिगात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. दोन पावलं पुढे जाऊन तिने पुन्हा खुपसला. तिथेही तेच. काल दुपारपर्यंत मुलींच्या या सॉफ्टबॉलच्या मैदानावर घोट्याएवढा बर्फ होता. मनावर घेतलं असतं तर फावड्यांनी निघाला असता. आज तो कमरेएवढा होता. शेजारचं मुलांचं बेसबॉलचं मैदान मात्र घासलेल्या परातीसारखं लख्ख होतं. एप्रिलच्या अखेरीला अख्ख्या गावात गवत दिसत होतं ते तेवढंच.

"कोणाचं हे कर्तृत्व?" तिने विचारलं. तिला ठाऊक होतं, तरी विचारलं.

डेल रंडक्विस्ट बूट ओले होऊ नयेत म्हणून वाटेवरच उभा होता. शाळेच्या सगळ्या संघांची वेळापत्रकं, बस, पंच, मैदानं त्याच्याकडे असत. आत्ता त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली, मांस भरलेली करंजीसारखी पेस्टी होती.

"बेसबॉलवाल्यांचे बाप आले होते काल संध्याकाळी. वीस जण होते. बर्फ उडवायची सहा यंत्रं."

"आणि उडवून टाकायचा कुठे, तर पोरींच्या डोक्यावर."

"कुठेतरी टाकायला हवाच ना, लॉर्ना. नोटीस काढली होती मी."

"तुझ्या नोटिसांनी मी बूट पुसते, डेल."

"बरं, उद्याचं म्हणशील तर आम्ही—"

"आम्ही? आम्ही कोण? उद्या अकरा वाजता कॉलेजची कोच दोनशे मैल गाडी हाकत येतेय मारेनला बघायला. तिला काय दाखवू मी? हा डोंगर? म्हणू, बाई, आमची पिचर याच्या खाली आहे, जरा उकरून घ्या?"

डेलने पेस्टीचा एक घास तोडला आणि चावत चावत तो शाळेकडे निघून गेला. याला कणा नाही तो नाहीच, लॉर्नाच्या मनात आलं.

बावीस वर्षं ती मुलींचा संघ सांभाळत होती आणि बावीस वर्षं तिने या माणसांना पाण्यात पाहिलं होतं. कारणं होती. मुलांच्या मैदानावर विजेचा गुणफलक. मुलींचे आकडे अजून खिळ्याला टांगायचे. मुलांना बसायला छप्पर. मुलींना एक बाक, तोही चर्चने टाकून दिलेला. कुंपण मिळवायला तिला दोन वर्षं भांडावं लागलं होतं. ते बाप तर तिला डोळ्यांसमोर नको असत. पोटं सुटलेली, डोक्यावर पोराच्या संघाची टोपी, आणि तोरा असा की जणू परवाच मोठी स्पर्धा जिंकून आलेत. तिच्या जिभेची गावाला धास्ती होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

मारेन लाहती ही तिला बावीस वर्षांत मिळालेली चेंडू फेकणारी एकमेव खरी पिचर होती. सतरा वर्षांची, उंच, कमी बोलणारी. बाप लाकडाचा ट्रक चालवायचा, आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. कॉलेजच्या संघात जागा मिळाली तर शिक्षण फुकट होणार होतं, नाही तर आईच्या शेजारी दुसरा ॲप्रन होताच. ती कॉलेजची कोच उद्याच येऊ शकत होती. त्यानंतर त्या कॉलेजची खेळाडूंची निवड संपत होती.

शाळा सुटल्यावर संघ जिममध्ये जमला. बाहेर चेंडू टाकायला जागा नव्हती, म्हणून मुली भिंतीवर चेंडू मारून झेलत होत्या. लॉर्नाने सगळ्यांना जवळ बोलावलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"पाहिलंत ना आपलं मैदान? वीस गाढवं लागली ते करायला. कमरेला पट्टा लागत नाही, पण यंत्र ढकलायला एकेकाच्या अंगात काय जोर! त्यातल्या एकाने तरी, एकाने, मान वर करून बघावं ना की आपण बर्फ कुठे फेकतोय. पण मान वळायला आधी मान असावी लागते."

तिने पोट पुढे काढून, पाय फाकवून यंत्र ढकलणाऱ्या बापाची नक्कल केली. मुली खिदळल्या. लॉर्नाला बरं वाटलं. मारेन हसली नव्हती. ती हातातल्या चेंडूची शिवण अंगठ्याने चाचपत होती.

"कोच, माझे बाबा होते तिथे."

"कुठे?"

"काल, मैदानावर. शेजाऱ्यांचं यंत्र मागून घेऊन गेले होते."

जिममध्ये एक चेंडू घरंगळत भिंतीला लागला.

"त्यांच्यात? ते का गेले?"

"आपलं मैदान साफ करायला. नोटीस होती ना, शेजाऱ्यांनी दाखवली. ज्यांची माणसं जास्त येतील त्यांचं मैदान आधी, आणि बर्फ दुसऱ्या मैदानावर. बाबा म्हणाले, तिकडून वीस आणि इकडून मी एकटा, बोलणार काय? मग त्यांनीही बेसबॉलचंच साफ केलं." ती थांबली. "मान वर करून बघितलं होतं त्यांनी, कोच."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मारेनचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला.

"ती नोटीस तुम्हीच वाचून दाखवली होती ना, कोच. सोमवारी, डेल सरांच्या आवाजात. दोन ओळी वाचल्यात आणि चुरगाळलीत. आम्ही खूप हसलो होतो. मीपण हसले होते."

सराव लवकर संपला. मुली गेल्यावर लॉर्ना चेंडूंची पिशवी घेऊन बाकावर बसली आणि तळापर्यंत हात घालून तिने तो बोळा शोधून काढला. कागद मांडीवर सपाट केला. 'सर्व पालकांना व प्रशिक्षकांना नम्र विनंती.' इथे ती नाकात बोलली होती. 'मैदानांवर अजून बर्फ असल्याची सर्वांना कल्पना आहेच.' इथे ती म्हणाली होती, 'वा, डेलला दिसलं वाटतं!' आणि कागद पिशवीत गेला होता. तिसरी ओळ मारेनने सांगितल्याप्रमाणेच होती. चौथी होती, 'कृपया आपल्या पालकांना आवर्जून कळवावे.' तिच्या संघाच्या मागे पंधरा घरं होती. एकेका घरातून दोघं जरी आली असती, तरी वीसच्या वर माणसं झाली असती.

तिला स्वतःची लाज वाटली. ती भावना तिच्या सवयीची नव्हती, त्यामुळे काय करावं हे तिला चटकन कळेना. शेवटी कोट चढवून ती बाहेर पडली. बेसबॉलचा प्रशिक्षक कोडी ट्रेमबाथ एकेकाळी तिचाच विद्यार्थी होता, तिच्या भूगोलात जेमतेम पास झालेला. त्याच्यापुढे हात पसरायचे होते. उद्या दोन तास तुमचं मैदान द्या. वाक्य साधंच होतं, पण वाटेत तिने ते चार वेळा म्हणून पाहिलं. तो मिश्कील हसणार, आणि ते हसणं आपण गिळायचं, हेही तिने ठरवून टाकलं.

मैदानावर कोडी गुडघ्यांवर बसून खुंटी ठोकत होता. उजव्या कोपऱ्यातल्या गवतात सुतळी ताणलेली होती आणि सुतळीच्या दुसऱ्या टोकाला मारेनचा बाप, वेस लाहती, उभा होता. दोघांच्या मध्ये फक्कीची बादली होती. मुलींच्या खेळाचा लहान चौकोन अर्धा आखून झाला होता.

लॉर्नाचं पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

"हे कधी ठरलं?"

"कालच, मॅडम," कोडी उठून उभा राहिला. "लाहतींनी काम सुरू व्हायच्या आधीच विचारलं. आमची मॅच दोनला आहे, अकराला तुमचं होऊन जाईल. सगळे हो म्हणाले."

"आणि मला कोणी सांगणार होतं की नाही?"

कोडीने वेसकडे पाहिलं. वेसने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मीच म्हटलं, नको सांगायला. उद्या सकाळी कळेलच." तो ओशाळून हसला. "तुम्ही काहीतरी बोलला असतात, कोच. मग यांचीही डोकी फिरली असती. पोरीचं राहून गेलं असतं."

त्यात राग नव्हता. रस्त्यात खड्डा आहे, वळसा घालून जा, असं सांगावं तसं तो सांगत होता. लॉर्नाने मान हलवली आणि बादलीतलं फक्कीचं डबडं उचललं. अंधार पडायला लागेपर्यंत ती त्या दोघांच्या मागून फक्की टाकत चालत होती. सुतळी सैल पडून तिसरी रेघ वाकडी जात होती, ते तिला दिसलं. ती काही बोलली नाही.

शनिवारी पावणेअकराला कॉलेजची कोच आली. आखूड केसांची, घाईची बाई. कुंपणाशी सात-आठ बाप कॉफीचे पेले धरून उभे होते, डेलही होता. मारेन खांदे सैल करत होती. बाईने मैदानाच्या कोपऱ्यात कोंबलेला तो तिरपा चौकोन पाहिला, मग शेजारचा बर्फाचा डोंगर पाहिला आणि तिला हसू आवरेना.

"अगं बाई! हे कोणी आखलंय?"

 लॉर्नाच्या लक्षात आलं की सगळे तिच्याकडे बघताहेत. कोडी, वेस, डेल, आणि हातात चेंडू धरून मारेन. सगळ्यांची नजर तिच्या तोंडावर होती. वर्गात ती प्रश्नपत्रिका वाटायची तेव्हा मुलं अशी बघायची.

"आम्ही," लॉर्ना म्हणाली.

मारेनचे खांदे खाली आले. तिने पाय रोवले आणि पहिला चेंडू टाकला.