मजल्यागणिक निम्मं

शाळेच्या टाकीतल्या पाण्यात शिसं निघालं लिटरमागे अठ्ठेचाळीस मायक्रोग्रॅम. दहाच्या वर गेलं की नळ बंद करायचा. तळमजल्यावरच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या बाईंनी तीनदा मोजून आकडा वहीत लिहिला, पण अहवाल लिहिताना त्यांचा हात अडला.

धाकटी बहीण त्याच शाळेत शिक्षिका. तिचा फोन येऊन गेला होता. "ताई, बाराला मधली सुट्टी. चारशे पोरं नळावर तुटून पडतात, मी कुणाकुणाचा हात धरू? मुख्याध्यापक म्हणतात, वरून हुकूम आणा."

वरून म्हणजे पाचव्या मजल्यावरच्या संचालकांकडून. वाटेतल्या चारही मजल्यांवर एकेक साहेब आकडा 'सौम्य' करून नव्या कागदावर उतरवी, सही ठोकी आणि खालून आलेला कागद कपाटात कोंबी. अकरा वर्षांच्या नोंदी ताडून बाईंनी नियम काढला होता: मजल्यागणिक आकडा निम्मा होतो. तापमान, ऋतू, सरकार, कशाचाही परिणाम नाही. अठ्ठेचाळीसचे वर तीनच पोचणार.

बाईंनी आजवर खोटा आकडा लिहिला नव्हता. त्यांनी उलटं गणित केलं आणि लिहिलं: सातशे अडुसष्ट.

"बाई, हे पाणी आहे की बंदुकीची गोळी?" शिपायाने विचारलं.

"जिन्याने जा. पळ!"

पावणेबाराला संचालकांचा फोन आला. "वही घेऊन वर या."

संचालकांनी वही पाहिली, कागद पाहिला, पुन्हा वही पाहिली.

"दोन्हीकडे अठ्ठेचाळीस! चार सह्या होऊनही आकडा जसाच्या तसा? चारही मजले झोपा काढतात काय? चौकशी लावतो!"

"आणि नळ, साहेब?" बाराला चार मिनिटं कमी होती.

"चौकशी चालू असताना पुराव्याला हात लावतात होय? ती संपेपर्यंत नळ बंद! लावा शाळेला फोन."

बाई जिना उतरल्या. पहिल्या मजल्यावरच्या कपाटाकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या अक्षरातले सातशे अडुसष्ट तिथे होते, आणि चौकशीत ते निघणारच होते. पण चौकशांचाही नियम त्यांनी काढला होता: मजल्यागणिक दुप्पट वेळ.

बहिणीचा फोन आला. "ताई, नळाला कुलूप लागलं! पण किती दिवस?"

"पहिल्या मजल्याला महिना धर. एकूण पंधरा महिने."

"अगं, तोवर पोरं पिणार काय?"

"टँकरसाठी आजच अर्ज टाक," बाई म्हणाल्या. "एक हवा असेल तर सोळा माग."