टेरीसाठी केलेली पेटी

स्टॅन बूथरॉइडच्या शेडमध्ये स्पीकरच्या दोन पेट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक त्याची स्वतःची, चार स्पीकरची, कपाटाएवढी. दुसरी अजून उघडीवाघडी, नुसत्या प्लायवूडची, निम्म्या उंचीची. ती टेरी गॉन्टची होती, आणि तिच्याकडे नजर गेली की स्टॅनच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

शाळा सुटल्यापासून क्लिफ मार्सडन गिटार वाजवत गायचा आणि त्याच्या डाव्या हाताला उभा राहून स्टॅन बास, म्हणजे खर्जाची गिटार, वाजवायचा. यॉर्कशरमधल्या खाणकामगारांचे क्लब दोघांनी मिळून पालथे घातले होते. दोघांची लग्नं झाली, पोरं झाली, ड्रमवाले आले आणि गेले. ती डावीकडची जागा मात्र स्टॅनचीच होती. आणि या वसंतात क्लिफ घरी आला, चहाचा कप हातात घेऊन बुटांकडे बघत बसला आणि म्हणाला, "तुझी पाठ दुखते ना रे, स्टॅन. एवढं अवजड सामान चढवायचं, उतरवायचं. आता जरा आराम कर."

स्टॅनची पाठ ठणठणीत होती. कधीतरी शिडीवरून घसरला होता तेव्हा चार दिवस दुखली होती, तेवढंच. पुढच्याच रविवारी त्या डावीकडच्या जागेवर टेरी उभा होता. खांद्यापर्यंत केस, कमरेला घट्ट पँट, आणि वाजवताना डोळे मिटून घ्यायची खोड. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय!

बरं, एवढ्यावर थांबेल तर तो क्लिफ कसला? महिन्याभराने परत दारात हजर.

"टेरीकडे धड पेटी नाही रे. एखादी करून दे ना. लहानशीच कर, दोन स्पीकरची. तुझ्यासारखा हात अख्ख्या यॉर्कशरमध्ये कुणाचा नाही."

नाही म्हणावं तर हा जळतोय हे दिसणार. जळत तर होताच, पण दिसायला नको होतं. स्टॅन हो म्हणाला.

लाकूड हातात आलं की स्टॅनला वाईट काम करताच येत नसे. खाणीत सुतारकी करताना ज्याने आधाराचे खांब बसवले, तो माणूस ढिला सांधा ठेवणार कसा? मनात टेरीला शिव्या आणि हातात रंधा, असं काम चाललं होतं. सांध्यांना सरस लावला, आतून पट्ट्या ठोकल्या, फटी पुट्टीने बुजवल्या, जुन्या गालिच्याखालचं जाडं अस्तर आतल्या बाजूंना चिकटवलं. पुढच्या जाळीला कापड लागलं ते बायकोच्या, मॉरीनच्या, पडद्यातलं उरलेलं. पेटी इतकी देखणी होत चालली, की स्टॅनला तिचाही राग यायला लागला.

एके दिवशी टेरी पोर्क पाई, म्हणजे मांस भरलेली जाड कचोरीच, घेऊन बघायला आला. दारात बूट पुसून आत आला, हेही स्टॅनला खुपलं. चिखलाच्या बुटांनी आला असता तर निदान खेकसता आलं असतं.

"काय सुरेख केलीत हो, मिस्टर बूथरॉइड! मला तर हात लावायची भीती वाटते."

"मग लावू नकोस."

टेरी हसला. त्याला वाटलं, म्हातारा गमतीने बोलतोय. "क्लिफ सारखी तुमची आठवण काढतो हां. पण परवा म्हणाला, तू आल्यापासून गाताना मला घसा ताणावा लागत नाही."

स्टॅनने तोंडाशी नेलेला पाईचा तुकडा परत कागदावर ठेवला. इतकी वर्षं गायला तेव्हा कुणी ताणला होता याचा घसा?

टेरी गेल्यावर त्याने स्पीकर बसवायला घेतले. प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर दोन टोकं असतात आणि त्यातल्या एकावर लाल ठिपका. ठिपक्याला ठिपका जोडायचा, की दोन्ही स्पीकरचे पडदे एकदम पुढे येतात, एकदम मागे जातात आणि हवेला दणका बसतो. एकाची तार उलटी जोडली, की एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोघं एकमेकांचे खालचे सूर खाऊन टाकतात. आवाज येतो, पण त्यातला जीव जातो. स्पीकरला काही होत नाही, धूर निघत नाही, बाहेरून काही दिसत नाही.

स्टॅनने लाल ठिपक्याकडे बघितलं. सांधा बिघडवणं त्याच्या हातून झालं नसतं. पण तार म्हणजे काही लाकूड नव्हे. त्याने एका स्पीकरची तार उलटी जोडली, मागची फळी लावली आणि पेच असे आवळले, की पेचकस हातातून सुटला.

पेटी त्याने रविवारी दुपारी थेट क्लबच्या दारातच दिली, आधी वाजवून बघायला वेळच ठेवला नाही. स्वतःचा बास त्याने गाडीत मागच्या सीटवर ठेवला होता. टेरीची फजिती होणार, मध्यंतरात क्लिफ घामाघूम होऊन येणार, म्हणणार, "स्टॅन, लेका, वाचव." मग आपण जरा आढेवेढे घ्यायचे. जास्त नाही, थोडेच.

क्लब भरलेला होता. घरी ओव्हनमध्ये रोस्ट ठेवून आलेल्या बायका, बिअरचे ग्लास पुढे घेतलेले पुरुष. स्टॅन अगदी मागे भिंतीला टेकून उभा राहिला. पहिलं गाणं सुरू झालं, आणि खरंच, बास कुठे म्हणून नव्हता. टेरीची बोटं चालत होती आणि मांजर जिन्यावरून उतरावं एवढाच काय तो आवाज येत होता. स्टॅनला असं सुख झालं की त्याने अर्धा ग्लास एका दमात संपवला. आता कुणीतरी ओरडेल, असं म्हणून तो वाट बघत राहिला.

कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या गाण्याला पुढच्या टेबलावरच्या बायका क्लिफबरोबर गायला लागल्या. तिसऱ्याला मागचे पुरुषही. शब्द न् शब्द ऐकू येत होता. मध्यंतरात बिंगोआधी क्लबचा सेक्रेटरी आल्बर्ट हार्कर माइकवर आला. त्याने आजवर कुणाचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"मंडळी, आज आपल्या क्लबात बँड वाजतोय आणि माझ्या बिअरमध्ये लाटा उठत नाहीत! मार्सडन, नाताळपर्यंत दर महिन्याला या. आणि हाच बासवाला आणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टेरी लाजून केस मागे सारत होता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. स्टॅनला तिथे उभंसुद्धा राहवेना.

कार्यक्रम संपल्यावर तो गाडीशी गेला, तर क्लिफ आणि टेरी शेजारच्याच व्हॅनमध्ये ती पेटी चढवत होते. क्लिफने येऊन त्याला मिठीच मारली.

"स्टॅन, गाढवा, अशी पेटी तू आधी का नाही केलीस?"

"म्हणजे?"

क्लिफने पुन्हा बुटांकडे बघितलं. "आता सांगूनच टाकतो. पाठीचं काही नव्हतं. तुझ्या त्या कपाटाने आपले क्लब एकेक करून गेले. हा आल्बर्टसुद्धा म्हणाला होता, तो बास दिसला तर दार बंद. मी शंभरदा म्हणायचो, आवाज कमी कर, तू हसायचास. आणि पेटीवरून असा हात फिरवायचास, की मोठी पेटी टाकून दे म्हणायला माझी जीभच रेटेना. ही पेटी असती ना, तर टेरीला मी कशाला बोलावलं असतं?"

टेरीने पेचकस खिशातून काढला. "मिस्टर बूथरॉइड, एक विचारू? मला जवळून खालचे सूर जरा कमी वाटत होते. मागची फळी काढून बघू का?"

"खबरदार!" क्लिफ ओरडला. "एका पेचाला हात लावशील तर! स्टॅन, तूच सांग याला."

दोघंही स्टॅनकडे बघायला लागले. तार सरळ करायला कितीसा वेळ लागला असता? टेरी दणदणीत वाजला असता, आल्बर्टने दार लावलं असतं. पण मग तार कुणी उलटी केली, हेही सांगावं लागलं असतं.

"हात लावू नकोस," स्टॅन म्हणाला. "ती बरोबर आहे."

टेरीने पेचकस खिशात ठेवला. क्लिफ व्हॅनकडे वळला आणि वळता वळता त्याची नजर स्टॅनच्या गाडीत मागच्या सीटवर गेली. तो थांबला.

"बास कशाला आणलास रे?"

स्टॅनने गाडीचं दार उघडलं, अंगातला कोट काढून बासवर टाकला.

"काही नाही," तो म्हणाला. "तुला सांगायला आलो होतो, पाठ बरी आहे आता."